कीर्द, खतावणी आणि चार डेटाबेस

माझे बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी होते. सौदे संपले की ते आधी कीर्द लिहायचे, मग खतावणी. कीर्दीत दिवसभरात जे घडलं ते घडलं त्याच क्रमाने, आणि खतावणीत तेच, पण खातेवार. शाळेत असताना मी एकदा विचारलं होतं की तेच आकडे दोनदा कशाला लिहायचे. ते म्हणाले, "खतावणी लिहिताना दिवे गेले तर सकाळी कीर्दीवरनं पुरी करता येते. कीर्दच नसली तर काय करशील?"

पुढे कॉम्प्युटर शिकले आणि रिलेशनल डेटाबेस, म्हणजे टेबलांत नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, आतून नेमकं हेच करतो हे कळलं, तेव्हा मला बाबांची लाल कापडी बांधणीची वही आठवली. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या कीर्दीत जातो, टेबलात सावकाश उतरतो. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस त्याला राइट-अहेड लॉग म्हणतो, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर ट्रान्झॅक्शन लॉग, ओरॅकल आणि मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्याचा साठवणीचा आतला भाग) रीडू लॉग. मध्येच वीज गेली तर मशीन पुन्हा सुरू होताना लॉग वाचून टेबल पुरं केलं जातं आणि अर्धवट राहिलेला व्यवहार, म्हणजे एकत्रच पुरे व्हायला हवेत अशा बदलांचा गट, मागे घेतला जातो.

म्हणून व्यवसायासाठी डेटाबेस निवडताना मी दिवाणजीच्या कसोट्या लावते. चुकीची नोंद तो अडवतो का? दोन माणसं एकाच वहीत एकाच वेळी लिहायला बसली तर काय होतं? वही बुडाली तर परत मिळते का? वेगाचा प्रश्न मी बराच नंतर विचारते. आठ-दहा कॉम्प्युटरवर बिलं करणाऱ्या दुकानाला साध्या एसएसडीच्या मशीनवर इथे सांगितलेला कुठलाही डेटाबेस पुरून उरतो.

मी गेली बावीस वर्षं सांगली-मिरजेच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि साठ्याची सॉफ्टवेअरं लिहिते. गेल्या वर्षी मिरजेच्या एका औषध स्टॉकिस्टचं जुनं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचं ठरलं. जुनं अॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या छोट्या डेटाबेसवर होतं आणि अॅक्सेसची एक फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे माल सकाळपासून हलत असतो: बॅच, एक्सपायरी, एमआरपी, दहावर एक स्कीम, ब्रेकेज-एक्सपायरीचे परतावे. मालक म्हणाले, "ताई, या वेळी असं करा की पुन्हा दहा वर्षं हात लावायला नको." मग मी महिनाभर तीच टेबलं आणि तीच कामं पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (त्याची फुकट आवृत्ती) आणि ओरॅकलची फुकट आवृत्ती अशा चौघांवर करून पाहिली. बाकीचं या बावीस वर्षांत अंगावर आलेलं आहे.

पहिली कसोटी साठ्याची. एका बॅचच्या ५ स्ट्रिप शिल्लक आहेत. दोन काउंटरवर दोन पोरं एकाच वेळी ती बॅच उघडतात. दोघांनाही ५ दिसतात, दोघंही ४ विकतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने शिल्लक वाचून, त्यातून ४ वजा करून १ परत लिहिला, तर टेबलात १ राहतो आणि बिलं ८ स्ट्रिपची होतात. हे चारही डेटाबेसमध्ये होऊ शकतं, आणि दोष लिहिणाऱ्याचा. उपाय साधा आहे. वजाबाकी डेटाबेसलाच सांगायची, 'शिल्लक चार किंवा जास्त असेल तरच चार कमी कर', आणि किती रेकॉर्ड बदलले ते तपासायचं. शून्य आले तर काउंटरला 'माल नाही' असं दाखवायचं. त्यावर दुसरं कुलूप म्हणून टेबलावरच चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे डेटाबेसने स्वतः पाळायचा नियम ठेवायचा, की शिल्लक शून्याखाली जाता कामा नये.

हे दुसरं कुलूप मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पहिलं मी लिहिते आणि मी चुकते. २०१४ साली एका किरकोळ दुकानाच्या साठ्यात उणे आकडे आले. मी चेक कन्स्ट्रेंट लिहिला होता आणि त्यावर विसंबले होते. पण मायएसक्यूएलमध्ये ८.०.१६ या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २०१९च्या आधी, चेक कन्स्ट्रेंट लिहिला तर तो बिनतक्रार स्वीकारला जायचा आणि पाळला जायचा नाही. मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट छापलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं, चूक माझीच. त्याच वर्षांत लांब नाव छोट्या कॉलमात गप्प कापलं जायचं आणि चुकीच्या तारखेच्या जागी शून्यांची तारीख बसायची. २०१५च्या ५.७ आवृत्तीपासून कडक पद्धत आपोआप चालू असते आणि अशी नोंद नाकारली जाते. मायएसक्यूएलमधूनच फुटून निघालेल्या मारियाडीबीने १०.२पासून चेक पाळायला सुरुवात केली. आजचा मायएसक्यूएल या बाबतीत नीट वागतो, हे मी पुन्हा सगळं करून पाहिल्यावर सांगते आहे. पण जुन्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती चालू असेल, तर तुमच्या टेबलांवर लिहिलेले नियम खरंच पाळले जातात का ते आजच एक चुकीची नोंद टाकून तपासा.

पोस्टग्रेस या बाबतीत कधीचाच कडक. अंकाच्या जागी अक्षर आलं, तीस फेब्रुवारी आली, कापायला लागेल इतकं लांब नाव आलं, की नोंद परत. नव्या मुलांना सुरुवातीला याचा त्रास होतो, प्रोग्राम सारखा थांबतो. मला तो थांबलेला चालतो. बाबा विक्रीच्या हिशोबाची चुकीची पट्टी शेतकऱ्याच्या हातात जाऊ देत नसत. संध्याकाळी सात वाजले तरी पुन्हा लिहीत.

आता जीएसटीचा दर. ही कसोटी मी मुद्दाम घेतली, कारण २२ सप्टेंबर २०२५ला बहुतेक औषधांचा दर १२ टक्क्यांवरून ५ झाला आणि त्या आठवड्यात माझा फोन खाली ठेवता येत नव्हता. दर बदलला म्हणजे मालाच्या मास्टरमधला, म्हणजे मूळ यादीतला १२ पुसून ५ लिहिला, असं ज्यांनी केलं त्यांची पंचाईत पुढच्या महिन्यात झाली. ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेला माल एक्सपायरी होऊन परत आला, की त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने काढावी लागते. दर हा मालाचा गुण नाही. तो माल आणि तारीख या जोडीचा गुण आहे. म्हणून दरांचं वेगळं टेबल हवं: हा एचएसएन (मालाचा जीएसटीतला वर्ग-क्रमांक), या तारखेपासून या तारखेपर्यंत, हा दर.

आणि इथे पोस्टग्रेसने मला जिंकलं. त्यात तारखांचा पल्ला हा स्वतःचा डेटाप्रकार आहे, २०१२च्या ९.२ आवृत्तीपासून. शिवाय एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट नावाचा नियम टेबलावर लावता येतो: एकाच एचएसएनचे दोन पल्ले एकमेकांवर चढता कामा नयेत. एकदा लावला की २२ सप्टेंबरला दोन दर लागू आहेत अशी नोंद कुणी टाकूच शकत नाही, मीसुद्धा नाही. गंमत म्हणजे दर बदलले त्याच आठवड्यात, २५ सप्टेंबरला, पोस्टग्रेसची १८वी आवृत्ती आली आणि तिच्यात हाच नियम थेट प्रायमरी कीमध्ये, म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ वेगळी ओळखणाऱ्या किल्लीत, लिहायची सोय झाली. बाकी तिघांमध्ये हेच काम मला ट्रिगर, म्हणजे नोंद होताच आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहून करावं लागलं. झालं, चाललं. पण ट्रिगर लिहिताना दोन माणसं एकाच क्षणी दोन नोंदी टाकतील याचा विचार स्वतः करावा लागतो, आणि तोच विचार माणूस विसरतो.

बिलाचा नंबर ही तिसरी गोष्ट, आणि यात चौघंही सारखेच अपुरे आहेत. जीएसटीच्या नियम ४६प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि १६ अक्षरांत बसायला हवा. पुष्कळ नवे प्रोग्रामर डेटाबेसच्या आपोआप वाढणाऱ्या नंबरलाच बिल नंबर करतात. करू नका. पोस्टग्रेसचा सिक्वेन्स असो की मायएसक्यूएलचं ऑटो इन्क्रिमेंट, व्यवहार मागे घेतला तरी नंबर परत येत नाही, मध्ये खड्डा पडतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२पासून आयडेंटिटीचे, म्हणजे त्याच्या आपोआप वाढणाऱ्या आकड्याचे, नंबर आगाऊ राखून ठेवले जातात, त्यामुळे मशीन अचानक बंद पडून सुरू झालं की साध्या पूर्णांकाचा नंबर १००० पुढे उडी मारतो. मायएसक्यूएलमध्ये ८.०च्या आधी उलटा प्रकार होता: हा आकडा फक्त मेमरीत असायचा, म्हणून शेवटची नोंद पुसून सर्व्हर बंद-चालू केला तर तोच नंबर दुसऱ्याला मिळायचा. दुरुस्ती चौघांतही एकच. बिलमालिकेचं स्वतःचं छोटं टेबल ठेवा, त्यातला शेवटचा नंबर बिलाच्याच व्यवहारात वाढवा. त्या एका ओळीवर क्षणभर लॉक लागतो, काउंटर रांगेत उभे राहतात, पण आठ काउंटरना ते जाणवतही नाही.

लॉकची गोष्ट निघालीच आहे. एसक्यूएल सर्व्हर मूळ बसवणीत वाचणाऱ्यालाही लॉक लावतो. मालकांनी महिन्याच्या विक्रीचा मोठा रिपोर्ट मागितला की काउंटरवरचं बिल सेव्ह होताना अडकतं, आणि एखादं बिल अर्धवट असेल तर रिपोर्ट अडकतो. 'रीड कमिटेड स्नॅपशॉट' ही सोय डेटाबेसवर चालू केली की वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवायचे थांबतात. मला भेटलेल्या दर तीन दुकानांपैकी दोन ठिकाणी ती बंद असते आणि लोक नवं मशीन घ्यायच्या गोष्टी करत असतात. हे वाचून एकाने जरी ती चालू केली तरी मला बरं वाटेल. ओरॅकल, पोस्टग्रेस आणि इनोडीबी यांच्यात ही अडचण मुळातच नाही, कारण ते रेकॉर्डची जुनी प्रत बाळगतात आणि वाचणाऱ्याला ती दाखवतात.

पोस्टग्रेसची प्रत बाळगायची रीत मात्र वेगळी आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा दोषही तिथेच आहे. ओरॅकल जुनी प्रत वेगळ्या जागी, अनडूमध्ये ठेवतो. पोस्टग्रेस रेकॉर्ड बदलला की नवी ओळ त्याच टेबलात लिहितो आणि जुनीवर खूण करतो. दिवाणजी खोडत नसत, एक रेघ मारून खाली नवं लिहीत, तसंच. पण मग त्या रेघ मारलेल्या ओळी साठत जातात. त्या झाडून काढायचं काम ऑटोव्हॅक्यूम आपोआप करतो, फक्त कुणाचा जुना व्यवहार उघडा असेल तर त्याला त्या ओळींना हात लावता येत नाही. मिरजेत पहिल्याच महिन्यात हे झालं. एका काउंटरवर बिल अर्धं ठेवून पोरगा जेवायला जायचा, आणि माझ्या प्रोग्रामने व्यवहार उघडाच ठेवलेला असायचा. साठ्याचं टेबल फुगत गेलं. मी प्रोग्राम सुधारला आणि सर्व्हरवर दहा मिनिटं काही न करता उघडा राहिलेला व्यवहार तोडून टाकायची मुदत लावली. पोस्टग्रेस घ्यायचा तर ही मुदत पहिल्याच दिवशी लावा. अजून एक: परक्या किल्लीच्या, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या फॉरेन कीच्या कॉलमावर पोस्टग्रेस आपणहून इंडेक्स (पटकन शोधायची सूची) करत नाही. मायएसक्यूएल करतो. मायएसक्यूएलवरून येणारा प्रत्येक जण इथे एकदा अडखळतो.

टेबलांची रचना बदलण्याबद्दलही थोडं सांगते, कारण दुकान चालू असताना नवा कॉलम घालायची वेळ वर्षातून चार-पाचदा येते. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये रचनेतला बदलही व्यवहारात गुंडाळता येतो. सहा बदलांपैकी पाचवा फसला तर रोलबॅक केलं, म्हणजे सगळं मागे घेतलं, की टेबलं होती तशी. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये रचनेचा प्रत्येक हुकूम आधीचं सगळं कमिट, म्हणजे कायम करून टाकतो. पाचवा फसला की चार झालेले असतात, आणि रात्री साडेअकराला ते हाताने निस्तरावे लागतात.

मराठी नावांची कसोटी मी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी घेतली. हळदीच्या अडतीवर शेतकऱ्याला द्यायची पट्टी मराठीतच हवी: नाव, गाव, पोती, वजन, दर, अडत, हमाली, तोलाई. जुना डेटा युनिकोडपूर्व (सगळ्या लिप्यांना ठरलेले आकडे मिळण्याआधीच्या) फॉन्टमधला होता, म्हणजे डेटाबेसच्या लेखी ती रोमन अक्षरांची अडगळ. तो बदलून घेण्यात आठवडा गेला, त्यात डेटाबेसचा दोष नाही. पुढे मात्र फरक दिसतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा) असूनही क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमात, मजकुराआधी एन हे अक्षर लावायचं राहिलं, की 'सावळज'च्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ साठते आणि मूळ नाव कायमचं जातं. २०१९पासून त्यात यूटीएफ-८ची (युनिकोड साठवायच्या एका रीतीची) सोय आहे, पण ती निवडावी लागते. मायएसक्यूएलमधलं जुनं 'यूटीएफ८' अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये बरोबर तीन बाइटचं असल्याने मराठी त्यात बसते आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं. मग कुणीतरी शेऱ्यात फोनवरून इमोजी टाकतं, ते चार बाइटचं, आणि नोंद मोडते. ८.०पासून चार बाइटचं एमबी४ हेच मूळ धरलेलं आहे.

आणि ळ. युनिकोडच्या आकड्यांत ळ हा ल नंतर लगेच येतो, पण आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १०पासून आयसीयू या लायब्ररीची मराठी कोलेशन, म्हणजे क्रम लावायची पद्धत, कॉलमला लावता येते आणि ळ, क्ष, ज्ञ शेवटी, त्यांच्या जागी जाऊन बसतात. गावांची यादी छापून दिली तेव्हा अडतीवरचे जुने दिवाणजी बोट ठेवून खालपर्यंत वाचत गेले आणि काही बोलले नाहीत. बाबांचे ते जोडीदार होते. त्यांनी चूक काढली नाही याचा मला किती आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही.

आता वही बुडण्याची कसोटी. ऑगस्ट २०१९च्या महापुरात मारुती चौकाजवळच्या माझ्या एका गिऱ्हाइकाचं दुकान पाण्याखाली गेलं. सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा एक डबा, तो चिखलात. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस होता. मालकांच्या मुलीने तीन दिवसांपूर्वीची बॅकअप फाइल पेन ड्राइव्हवर विश्रामबागेतल्या घरी नेलेली होती. तिच्याच लॅपटॉपवर मी एक्सप्रेस बसवला, एक फाइल उचलली, रिस्टोअर म्हटलं आणि अर्ध्या तासात उधारीची यादी स्क्रीनवर आली. मालक बराच वेळ त्या यादीकडे बघत बसले. या एका बाबतीत एसक्यूएल सर्व्हरला तोड नाही: सगळा डेटाबेस एका फाइलीत बांधला जातो आणि ती उघडायचं काम मॅनेजमेंट स्टुडिओ या त्याच्या खिडकीत चार क्लिकचं आहे. घाबरलेल्या माणसालाही ते जमतं.

तीन दिवसांची बिलं मात्र गेली. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी करते: रात्रीचा पूर्ण बॅकअप आणि दिवसभर लॉगची प्रत दुसऱ्या जागी. कीर्द दुसऱ्या घरी ठेवायची म्हणा ना. पोस्टग्रेसमध्ये लॉगचे तुकडे भरले की परस्पर दुसऱ्या मशीनकडे पाठवता येतात, आणि मूळ प्रत अधिक हे तुकडे यांच्यावरून 'दुपारी २ वाजून १० मिनिटांनी जसा होता तसा' डेटाबेस उभा करता येतो. कुणी चुकून विक्रीचं टेबल रिकामं केलं तर त्याच्या आधीच्या मिनिटावर जाता येतं. हे फुकट मिळतं आणि उत्तम चालतं, पण पहिल्यांदा बसवताना काळजीपूर्वक वाचावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरइतकं सोपं नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्येही लॉग बॅकअपवरून हे होतं. फक्त फुल रिकव्हरी (बॅकअप होईपर्यंत लॉग राखून ठेवायची पद्धत) लावून लॉग बॅकअप घ्यायचाच विसरलात तर लॉगची फाइल वाढत जाऊन डिस्क भरते, आणि एक्सप्रेसमध्ये वेळापत्रकाचा एजंट नसतो म्हणून ते काम विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर टाकावं लागतं. मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग याच कामाला येतो. तिथे रात्रीचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, घेताना 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय दिलात तरच चालू दुकानाची एकसंध प्रत मिळते.

पैशांचं थोडक्यात सांगते. पोस्टग्रेसला लायसन्सचा खर्च नाही, काउंटर किती, कोअर किती, कुणी मोजत नाही. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस फुकट आहे, पण २०२२च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा, बफरला सुमारे १.४ जीबी मेमरी आणि चार कोअर. २०२५च्या आवृत्तीत ती जागा ५० जीबी झाली आहे आणि बहुतेक तालुक्याच्या दुकानांना ती जन्मभर पुरेल. त्यापुढे गेलात तर पैसे देऊन घ्यायची स्टँडर्ड आवृत्ती, आणि ते कोअरवर घेतलं तर किमान चार कोअरचे पैसे. दर लेखी मागून घ्या, तोंडी नको. ओरॅकलच्या फुकट आवृत्तीत वापरकर्त्याचा डेटा १२ जीबी, मेमरी २ जीबी.

ओरॅकलबद्दल मी कमी लिहिते आहे, कारण माझ्या गिऱ्हाइकांना तो लागत नाही. १९७९पासून विकला जाणारा हा डेटाबेस मोठ्या बँकांच्या मागे उभा आहे आणि तिथे तो शोभतो. काही तासांपूर्वी टेबल कसं होतं हे साध्या क्वेरीत विचारायची त्याची फ्लॅशबॅक सोय मला हवीहवीशी वाटते. पण त्याला रोज बघणारा माणूस पगारावर हवा. आणि रिकामा मजकूर आणि 'माहीत नाही' यांत तो फरक करत नाही. डॉक्टरचं नाव लिहायचं राहिलं आणि डॉक्टर नाहीच, या दोन गोष्टी माझ्या स्टॉकिस्टला वेगळ्या ठेवायच्या असतात.

मालकांनी मला एक प्रश्न परत परत विचारला. "फुकटचं आहे, उद्या बंद पडलं तर कुणाच्या दारात जायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी त्यांना सांगितलं की बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६मध्ये पोस्टग्रेस हाती घेतलं, १९९६पासून ते आजच्या नावाने चालू आहे, दर वर्षी मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. त्याचा मालक एक कंपनी नाही, म्हणून ते विकलंही जाऊ शकत नाही. मायएसक्यूएलचं तसं नाही. १९९५मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला तो २००८मध्ये सन कंपनीकडे गेला आणि २०१०मध्ये सनसकट ओरॅकलकडे. त्याआधीच, २००९मध्ये, मूळ कर्ते मॉन्टी विडेनियस यांनी वेगळी चूल मांडली, ती मारियाडीबी. दोन्ही नावं त्यांच्या मुलींची, माय आणि मारिया. हे ऐकून मालक हसले. त्यांच्या फर्मलाही थोरल्या मुलीचं नाव आहे.

त्यांची फर्म प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणून सीएंनी अजून एक अट घातली होती. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. यात एसक्यूएल सर्व्हर पुढे आहे हे मी प्रांजळपणे सांगते. २०१६पासून त्याच्यात टेंपोरल टेबलं आहेत. एकदा सांगितलं की जुनी प्रत्येक ओळ इतिहासाच्या टेबलात आपोआप जाते. मारियाडीबीतही १०.३पासून हे आहे. पोस्टग्रेसमध्ये मला ट्रिगर लिहावे लागले, आणि कोणत्या काउंटरवरून कोणी बदललं हेही त्यात धरलं. त्याच्या त्या रेघ मारलेल्या ओळींना कुणी इतिहास समजू नये. झाडलोट झाली की त्या जातात.

शेवटी मिरजेला पोस्टग्रेस बसवला. हळदीच्या अडतीलाही तोच. मारुती चौकातलं दुकान आजही एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर आहे आणि मी ते हलवणार नाही. ते नीट चालतं, तिथल्या मुलीला त्याचा बॅकअप घेता येतो, आणि तिच्या हाताला असलेली सवय मला कुठल्याही कन्स्ट्रेंटपेक्षा मोलाची वाटते. ऑनलाइन विक्रीची तयार वेबसाइट घेणाऱ्यांना बहुधा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी मिळतो, आणि नवी आवृत्ती असेल तर खुशाल घ्या. एकट्या काउंटरचं छोटं दुकान असेल तर सर्व्हरच नको. रिचर्ड हिप यांचा एसक्यूलाइट एका फाइलीत सगळं ठेवतो, तुमच्या फोनमध्ये तो आत्ताही चालू आहे. फक्त एका वेळी एकालाच लिहू देतो, म्हणून दुसरा काउंटर आला की बदलायची तयारी ठेवा. आणि ती फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवून चार जणांनी उघडू नका.

मिरजेत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुकान बंद झाल्यावर काउंटरवरचा एक मुलगा जुन्या लॅपटॉपवर आदल्या रात्रीचा बॅकअप रिस्टोअर करतो. मी लिहून दिलेली अकरा ओळींची चिठ्ठी लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. मी समोर नसते, मुद्दामच. शेवटच्या बिलाचा नंबर आणि रक्कम तो कागदी बिलाशी ताडून बघतो आणि जुळलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात नंबर लिहितो. या वर्षीचे आतापर्यंतचे सगळे पहिले शनिवार भरलेले आहेत. एप्रिलच्या चौकोनात दोन नंबर आहेत, पहिल्यावर एक रेघ मारलेली आणि खाली बरोबर नंबर.